मेन्यूतलं नको ते जाता जाईना

या वेळची बरीचशी पत्रं लिनक्सवरची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवरची आहेत आणि त्यातली बहुतेक मेन्यूवर चिडलेली. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या मशिनवर ११ चढत नाही, आणि नवीन घ्यायचं तर खिसा बघावा लागतो. मग कुणीतरी भाचा-पुतण्या येऊन मिंट नाहीतर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एखादा प्रकार, टाकून जातो आणि पुढचं निस्तरायला आपण! सगळी पत्रं छापता येत नाहीत, चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय पण बाकीच्यांनी पण ते वाचा, कारण मूळ भानगड सगळ्यांची एकच आहे.

प्रश्न : सर नमस्कार, सात रस्त्याला माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मपण भरून देतो. भाच्याने दोन्ही कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई वालं. मशिन पळायलंय एकदम, त्याची तक्रार नाही. पण मेन्यू! कामाला पोरं आहेत, त्यांना लागतं काय तर फायरफॉक्स, टायपिंगसाठी रायटर, स्कॅनर आणि फोटोसाठी गिंप, आणि मेन्यूत मात्र ही गर्दी, गिंप तर दोनदा दिसतं, पोरगं एकदा ह्याच्यात उघडतं एकदा त्याच्यात आणि मग म्हणतं मालक काल सेट केलेलं पासपोर्टचं माप गायब झालं. भाच्याने पासवर्ड टाकून आतल्या फायली बदलून नको ते काढून दिलं, थोडे दिवस बरं चाललं, मग अपडेट मारला आणि सगळं परत हजर. त्यात मी 'दुकान' नावाचं वेगळं खानं करून स्कॅनची स्क्रिप्ट टाकायला गेलो तर ती मेन्यूत दिसते पण दाबल्यावर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. फुकटचं आहे म्हणून गप्प बसायचं का? विंडोजमध्ये राइट क्लिक डिलीट केलं की विषय संपायचा.
– एक दुकानदार, सात रस्ता

उत्तर : मालक, गप्प कशाला बसायचं. वैताग बरोबर आहे तुमचा. फक्त भाच्याला बोलू नका, त्याने केलं ते बहुतेक सगळेच करतात.

आधी एक समजून घ्या, लिनक्समध्ये मेन्यू म्हणून एक वस्तू कुठं ठेवलेलीच नसते की जी उघडून खोडली आणि झालं. गड्ड्याची जत्रा डोळ्यापुढं आणा. होम मैदानावर खाऊची लाइन कुठं, पाळणे कुठं हे आखणारे वेगळे आणि आपली पाटी घेऊन उभा राहणारा स्टॉलवाला वेगळा. इथं पण तसंच, प्रत्येक प्रोग्राम इन्स्टॉल होताना स्वतःची एक पाटी घेऊन येतो, ती म्हणजे डॉट डेस्कटॉपने संपणारी छोटी टेक्स्ट फाइल. तिच्यात नाव, आयकॉन, कुठली कमांड चालवायची आणि आपण ऑफिसवाले की ग्राफिक्सवाले की इंटरनेटवाले ही कॅटेगरी, एवढंच. लाइनी आखणारी मेन्यूची फाइल वेगळी. डेस्कटॉप, म्हणजे पॅनेल-मेन्यू दाखवणारा भाग, तुमच्याकडचा एक्सएफसीई, ह्या सगळ्या पाट्या वाचतो, कॅटेगरी बघतो आणि मेन्यू उभा करतो. हा नियम फ्रीडेस्कटॉप नावाच्या सामायिक प्रकल्पाचा, केडीई, ग्नोम, माटे हे दुसरे डेस्कटॉप पण तोच मानतात, म्हणून तर केडीईचा एखादा प्रोग्राम तुमच्या एक्सएफसीईत टाकला तरी तो आपोआप बरोबर खान्यात जाऊन बसतो. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण एक्सएफसीईत हा नियम आला तो २००९ च्या ४.६ व्हर्जनला आणि त्याच वेळी त्यांचा आधीचा स्वतःचा मेन्यू एडिटर गेला. मला विचाराल तर नियम आणला ते बरं केलं पण एडिटर न देता आणला हे वाईट केलं, नेहमीच्या माणसाला राइट क्लिक पाहिजे असतो, त्याला फायलींची नावं काय करायची आहेत. आता मेन्यूलिब्रे नावाचा वेगळा एडिटर आहे, नसला तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, बऱ्यापैकी चालतो.

आता अपडेटनंतर सगळं परत का आलं. भाच्याने पासवर्ड टाकून बदल केला म्हणजे तो सिस्टिमच्या फोल्डरात केला, युएसआर, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. त्या फायली तुमच्या नाहीत, पॅकेजच्या, म्हणजे प्रोग्राम ज्या गठ्ठ्यातून इन्स्टॉल होतो त्याच्या आहेत. पॅकेज अपडेट झालं की ते आपली फाइल नवीकोरी करून ठेवतं, तुमचं खोडलेलं-लिहिलेलं सगळं पुसून. त्यामुळे तिथं हातच लावायचा नाही. ती फाइल कॉपी करायची आणि स्वतःच्या होम फोल्डरात डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स इथं पेस्ट करायची, आणि बदल ह्या कॉपीत करायचा. डॉटने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल एच दाबलं की दिसतील, ॲप्लिकेशन्स फोल्डर नसला तर इंग्रजी छोट्या अक्षरात बनवा. फाइलचं नाव मात्र जसंच्या तसं पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही, कारण सारख्या नावाच्या दोन फायली दिसल्या की डेस्कटॉप तुमच्या घरातली धरतो आणि सिस्टिमची सोडून देतो. सगळी गंमत ह्यातच आहे. मग अपडेट किती का येईनात, तुमची कॉपी कुणी शिवत नाही. मेन्यूलिब्रेपण आतून हेच करतो, म्हणून त्याला पासवर्ड लागत नाही. आणि पोरांचं लॉगिन वेगळं असेल तर ह्या फायली त्यांच्या होममध्ये ठेवाव्या लागतील, तुमच्या लॉगिनमधल्या त्यांना लागू होत नाहीत.

लपवायचं कसं, तर त्या कॉपीत एक ओळ टाकायची, नोडिस्प्ले, मग बरोबरचं चिन्ह, मग ट्रू. नोडिस्प्ले सलग लिहायचं, त्यातला एन आणि डी कॅपिटल, ट्रू सगळं छोटं. ही ओळ कुठं टाकता ह्याला पण महत्त्व आहे. फाइलच्या वर चौकोनी कंसात डेस्कटॉप एंट्री लिहिलेलं असतं, त्याच्या लगेच खाली टाका. लोक काय करतात, सवयीने फाइलच्या शेवटी टाकतात, आणि फायरफॉक्ससारख्यांच्या फायलीत शेवटी 'नवीन विंडो', 'प्रायव्हेट विंडो' असे वेगळे भाग असतात, ओळ त्या भागात जाऊन पडते आणि मग काहीही होत नाही. हिडन नावाची दुसरी ओळ पण असते, ती तुम्ही वापरू नका. नोडिस्प्ले म्हणजे मेन्यूत नको पण फायलीवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' केलं की हजर, आणि हिडन म्हणजे प्रोग्राम जणू काढूनच टाकलाय. समजा फोटो बघायचा प्रोग्राम तुम्हाला मेन्यूत नकोय, पण गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणलेला फोटो डबल क्लिकने उघडला तर पाहिजेच ना.

गिंप दोनदा दिसतंय ते लपवू नका, एक काढून टाका. एक सिस्टिमचं पॅकेज असणार आणि दुसरं फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारं वेगळ्या प्रकारचं पॅकेज, सॉफ्टवेअर मॅनेजर दोन्ही देतो आणि घाईत दोन्ही इन्स्टॉल होतात. दोघांच्या पाटीच्या फाइलचं नाव वेगळं म्हणून मेन्यूत दोन दिसतात. व्हर्जन पण बहुतेक वेगळंच असणार, गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं आणि बऱ्याच ठिकाणी सिस्टिमचं अजून २.१० आहे. गिंप प्रत्येक व्हर्जनसाठी सेटिंगचं फोल्डर वेगळं करतं, म्हणून एकात केलेलं पासपोर्टचं माप दुसऱ्यात सापडत नाही. पोराची काही चूक नाही त्यात, उगं त्याला ओरडू नका.

आता स्क्रिप्ट. मेन्यूतून चालवलेल्या कमांडची एरर बघायला मागं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, नसतं, त्यामुळे बिघडलं तरी सगळं गुपचूप बिघडतं. तीन गोष्टी तपासा. कमांडच्या जागी तुम्ही होमसाठी वळणाची रेघ, ते टिल्ड, टाकलं असेल तर ते इथं चालत नाही, स्लॅश होमपासून पूर्ण पत्ता लिहा. फोल्डरच्या नावात स्पेस असेल, 'नवीन फोल्डर'सारखं, तर पूर्ण पत्ता डबल अवतरणात घाला. आणि स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी दिलीय का बघा. हे तीन सोडून चौथं कारण क्वचित निघतं. तरी नाहीच झालं तर तीच कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करा, एरर तिथं तोंड उघडेल.

राहिलं 'दुकान'चं खानं. मेन्यूलिब्रेतून होतं ते, पण एक सांगतो. खानी बदलली की तुमच्या होममध्ये डॉट कॉन्फिग, त्यात मेनूज ह्या फोल्डरात मेन्यूची तुमची अशी फाइल बनते, एक्सएफसीई-ॲप्लिकेशन्स-डॉट-मेनू. ती तिथं आली की सिस्टिमची आखणी बाजूला पडते आणि तुमची चालू होते, आणि मग कधी एखादा नवीन प्रोग्राम भलत्याच खान्यात दिसतो, कधी खानंच रिकामं. असं झालं तर डोकं धरून बसू नका, त्या फाइलचं नाव बदलून ठेवा, लॉग आउट होऊन परत या, आखणी कंपनीतून आल्यासारखी.

पण खरं सांगू का मालक, तुमच्या कामाला मेन्यूची ही एवढी खोदाखोदी नकोच. खालच्या पॅनेलवर एक लाँचर, म्हणजे प्रोग्राम उघडायचं बटन, टाका आणि त्या एकाच लाँचरमध्ये फायरफॉक्स, रायटर, स्कॅनर, गिंप आणि तुमची स्क्रिप्ट एकाखाली एक भरा. एकापेक्षा जास्त भरलं की पहिला बटनावरच राहतो आणि शेजारी छोटा बाण येतो, तो दाबला की बाकीच्यांची यादी. पोरांना सांगायचं, बटन नाहीतर बाण दाबायचा, बाकी कुठं बघायचं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच पाहिजे तर पॅनेल प्रोफाइल्स नावाचं टूल आहे, त्यातून पॅनेल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हने तिकडं न्या. मेन्यूतली गर्दी राहू दे की तिथंच, कोण उघडायलंय.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, जुळे सोलापूरला राहते. मुलाने कॉम्प्युटर पूर्ण मराठीत करून दिलाय, वाचायला छान वाटतं पण मेन्यूत काही नावं मराठी, काही इंग्रजी, काही अशी मराठी की इंग्रजी बरं. तुमच्या मागच्या एका उत्तरात वाचून मी फाइल होममध्ये कॉपी केली, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून 'नेम'च्या ओळीत मला हवं ते नाव लिहिलं, सेव्ह केलं. मेन्यूत जुनंच नाव दिसतं. दोनदा बंद करून चालू करून बघितलं. माझं नेमकं काय चुकतंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, तुमचं काही चुकलेलं नाही, कॉपी बरोबर जागी आहे, फक्त ओळ दुसरी आहे. त्याच फाइलमध्ये खाली स्क्रोल करा, नेमच्या ओळी ढीगभर दिसतील, प्रत्येकीच्या नावापुढं चौकोनी कंसात दोन-तीन इंग्रजी अक्षरं, त्यातली एम आर वाली शोधा. कॉम्प्युटर मराठीत असला की डेस्कटॉप ती ओळ उचलतो आणि साध्या नेमकडं ढुंकून बघत नाही. ती बदला. एम आर वाली ओळच नसेल तर साध्या नेमच्या खाली तशी एक नवीन लिहा, नेम, चिकटून चौकोनी कंसात छोटं एम आर, मग बरोबरचं चिन्ह आणि तुमचं नाव. ज्या प्रोग्रामची नावं इंग्रजीत दिसतात त्यांच्या फायलीत ही ओळ नाही एवढाच त्याचा अर्थ. ही भाषांतरं जास्त करून हौशी लोक फावल्या वेळात करतात, कुठं झालं कुठं राहिलं असं असतं.

नाव बदललं की शोधायचं पण सोपं होतं, मेन्यूच्या वरच्या चौकटीत टाइप केलं की तो नावात बघतो, त्यामुळे तुम्ही 'पत्र' असं नाव ठेवलं तर 'पत्र' लिहून रायटर समोर येईल. आणि तुमचा व्हिस्कर मेन्यू असेल, म्हणजे डावीकडं-उजवीकडं खानी आणि वर शोधायची चौकट, तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'जेनेरिक नाव दाखवा' असा एक पर्याय आहे, तो चालू-बंद करून बघा. चालू केलं की फायरफॉक्सच्या जागी 'वेब ब्राउझर' असं कामाचं नाव येतं. कुणाला ते आवडतं, मला नाही आवडत, दोन ब्राउझर असले की दोघांचं नाव एकच होऊन बसतं.

खान्यांची नावं बदलायची तर त्यांच्या फायली वेगळ्या, डॉट डिरेक्टरीने संपणाऱ्या, युएसआर-शेअरमधल्या डेस्कटॉप-डिरेक्टरीज फोल्डरात. त्यांनाही तोच नियम, डॉट लोकल-शेअरमध्ये त्याच नावाच्या फोल्डरात कॉपी आणि एम आर वाली ओळ.

प्रश्न : दादा मी इंजिनिअरिंगला आहे, विजापूर रोडला रूम करून राहतो. उबंटू टाकलंय पण ह्यात मेन्यूच नाही, सगळे आयकॉन पसरलेले, पानं सरकवत बसायचं. जुन्यासारखा मेन्यू देणारं एक्स्टेन्शन टाकलं, मस्त सेट केलं, आणि व्हर्जन अपग्रेड केल्यावर ते बंदच पडलं, सगळं केलेलं वाया. मित्र म्हणतो ग्नोम सोड केडीई टाक. काय करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : मित्राचं ऐकायला हरकत नाही, पण कारण माहीत करून घे. मेन्यू ग्नोमने विसरून काढलेला नाही, ठरवून काढलाय, २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा. तेव्हा बऱ्याच लोकांची सटकली, आणि माटे आणि सिनॅमन हे दोन डेस्कटॉप त्याच वैतागातून जन्माला आले, माटे म्हणजे तर जुनं ग्नोम २ च पुढं चालवलेलं. आता ग्नोमवाले साधारण सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन काढतात आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला आपण कुठल्या कुठल्या व्हर्जनवर चालतो ते लिहून द्यावं लागतं. लिहिणारा एखादा तुझ्यासारखाच पोरगा असतो, त्याची परीक्षा आली की एक्स्टेन्शन लटकलं. म्हणून रोजच्या कामाची गोष्ट एक्स्टेन्शनवर टांगायची नाही असं माझं मत आहे. ग्नोमच ठेवायचं असेल तर त्याच्या कलाने घे, एक आयकॉन दुसऱ्यावर ओढून सोडला की फोल्डर बनतो, कॉलेजचं एकात, बाकीचं एकात, नको ते वर मालकांना सांगितलं तसं नोडिस्प्लेने लपव. आणि सुपर की, म्हणजे विंडोजच्या खुणेची की, दाबून पहिली तीन अक्षरं टाइप करायची सवय लागली की मेन्यूची आठवण पण येत नाही.

मेन्यू स्वतःच्या मनासारखा लावायचा ही हौसच असेल तर मात्र केडीई, त्यात वाद नाही. मेन्यूच्या बटनावर राइट क्लिक, एडिट ॲप्लिकेशन्स, की समोर पूर्ण झाड, ओढा, टाका, खानी करा, मधे रेघ मारा. पण एक कर, चालू उबंटूवरच केडीई चढवू नको. दोन्हीकडच्या पाट्या एकाच मेन्यूत येतात, दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन सेटिंग्ज, आणि मग परत तू मलाच पत्र लिहिणार. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघ, आवडलं तर बॅकअप घेऊन कोरं इन्स्टॉल कर. आणि सबमिशनच्या आठवड्यात ह्यातलं काहीही करू नको.

प्रश्न : साहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. डिझाइनचा एक विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर वाइनमधून चालतो का बघत होतो, नाही जमला, काढून टाकला, वाइन पण काढलं. पण मेन्यूत त्याचं नाव तसंच आहे, दाबलं की काही नाही. वरून आता साध्या टेक्स्ट फायली पण उघडेनात, डबल क्लिक केलं की नुसतं फिरतं आणि थांबतं. हिशोबाच्या नोट्स आहेत त्यात.
– एक कारखानदार

उत्तर : साहेब, नोट्स सुखरूप आहेत, काळजी नको. फायलीवर राइट क्लिक करून दुसऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, उघडतील.

झालंय असं की वाइनमध्ये टाकलेल्या प्रोग्रामच्या पाट्या वाइन तुमच्या होममध्ये मांडतं, सिस्टिममध्ये नाही. तुम्ही वाइन काढलं ते सिस्टिममधून गेलं, आणि पॅकेज काढताना कुणाच्या होममध्ये हात घालायचा नाही हा लिनक्सचा शिरस्ता आहे, तो चांगलाच आहे एरवी. पाट्या राहिल्या. डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स इथं वाइन नावाचा फोल्डर सापडेल, तो उडवा. त्याच्या बाहेर 'वाइन-एक्स्टेन्शन' अशा नावाने सुरू होणाऱ्या फायली असतील, टीएक्सटी वगैरे शेवटी लावलेल्या, टेक्स्ट फायली वाइनच्या नोटपॅडकडं वळवणाऱ्या त्याच, त्या पण उडवा. मग डॉट कॉन्फिग, मेनूज, त्यात ॲप्लिकेशन्स-मर्ज्ड नावाच्या फोल्डरात वाइनने सुरू होणाऱ्या छोट्या मेन्यू फायली, त्या रिकाम्या खान्यांच्या, त्या पण. लॉग आउट करून परत या. टेक्स्ट फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'ओपन विथ'मध्ये नेहमीचा एडिटर निवडा म्हणजे डबल क्लिक पण जागेवर येईल.

होममध्ये डॉट वाइन नावाचा एक फोल्डर पण असेल, तो मात्र उघडून बघितल्याशिवाय काढू नका. वाइनची सी ड्राइव्ह त्याच्या आत असते, आणि ट्रायल घेताना तुम्ही एखादं डिझाइन त्या प्रोग्राममधून सेव्ह केलं असेल तर ते तिथंच पडलेलं असायची शक्यता आहे. पुढच्या वेळी वाइनमधला प्रोग्राम काढायचा असला तर आधी वाइनच्याच अनइन्स्टॉलरमधून काढा, वाइन सगळ्यात शेवटी.